गुडघा दुखतो तेव्हा खुबा आणि घोटाही तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चतुर्थी आटोपून पाऊस ओसरू लागला की गोव्यात गावोगावच्या मैदानांवर फुटबॉलच्या स्पर्धांना जोर चढतो आणि वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांवर ‘गुडघ्याच्या दुखापतीमुळे अमुक खेळाडू संघाबाहेर’ ही ओळ वरचेवर दिसू लागते. गुडघ्यातला कुठला भाग दुखावला आणि तो कसा दुखावला, याचा त्या ओळीत पत्ता नसतो. आतल्या पानांवर गुडघेदुखीवरच्या तेलांच्या, पट्ट्यांच्या आणि इंजेक्शनांच्या जाहिराती असतात. त्यांतही गुडघा उरलेल्या पायापासून वेगळा असल्यासारखा रंगवलेला असतो. वैद्यकीय विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवलेला एक निवृत्त अध्यापक या नात्याने मला या विषयावर थोडे विस्ताराने लिहावेसे वाटले. माझे म्हणणे असे की, गुडघ्याला स्थैर्य मिळते ते हाडांच्या आकारामुळे नव्हे, तर भोवतीच्या बंधांमुळे आणि स्नायूंमुळे. आणि त्याचे बरेवाईट बऱ्याच अंशी वरच्या खुब्यावर आणि खालच्या घोट्यावर ठरते. म्हणून गुडघा दुखतो तेव्हा केवळ गुडघा पाहून थांबणे ही अर्धीच तपासणी होय.

आधी हाडांविषयी. मांडीच्या हाडाचे खालचे टोक दोन गोलाकार उंचवट्यांचे असते आणि नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतो. सोललेले दोन नारळ शेजारी शेजारी पाटावर ठेवावेत, तशी ही मांडणी आहे. कुणी धरून ठेवले नाही तर नारळ घरंगळणारच. खुब्यात मांडीच्या हाडाचे डोके खोल खोबणीत बसलेले असते, तसा कोणताही हाडांचा आधार गुडघ्याला नाही, आणि तरीही शरीरातील हा सर्वांत मोठा सांधा धावताना, उड्या मारताना आणि चिऱ्यांच्या पायऱ्या उतरताना शरीराचे वजन पेलतो. समोरची वाटी हे तर मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, वाढलेले हाड आहे. ती कंडरा सांध्यापासून थोडी पुढे उचलून धरणे, त्यामुळे स्नायूला पाय सरळ करण्यासाठी कमी जोर लागावा, हे तिचे मुख्य काम. जन्माच्या वेळी वाटी कूर्चेची, म्हणजे हाडाहून मऊ अशा कार्टिलेजची, असते आणि तिच्यात हाड तयार होण्याची सुरुवात साधारण ३ ते ६ वर्षांच्या वयात होते. त्यामुळे लहान बाळाच्या एक्स-रेत वाटी दिसली नाही म्हणून घाबरलेल्या आईवडिलांची समजूत मला एकाहून अधिक वेळा घालावी लागली आहे. नडगीच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड, ज्याला फिब्युला म्हणतात, ते गुडघ्याच्या सांध्यात सामीलच नसते. त्याकडे मी पुढे येईन, कारण त्याच्यावाचून घोट्याची गोष्ट पुरी होत नाही.

गोल आणि सपाट यांच्यामधली पोकळी भरून काढतात त्या दोन मेनिस्कस नावाच्या कूर्चेच्या चकत्या, ज्यांना आपल्याकडे सर्रास ‘गादी’ म्हटले जाते. आतल्या बाजूची चकती इंग्रजी सी अक्षरासारखी अर्धवट उघडी असते, बाहेरच्या बाजूची जवळजवळ पूर्ण गोल. दोन्ही कडेला जाड आणि मध्याकडे पातळ होत जातात, त्यामुळे सपाट पृष्ठभागाला थोडा खोलगटपणा येतो आणि वजन मोठ्या क्षेत्रावर पसरते. पाय सरळ असताना सांध्यावरच्या भारापैकी सुमारे निम्मा आणि गुडघा काटकोनात वाकलेला असताना सुमारे ८५ टक्के भार या चकत्यांतून जातो. इतके महत्त्वाचे काम करणाऱ्या या भागाला १८९७ साली ब्लँड-सटन या इंग्रज शल्यविशारदाने पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष ठरवले होते, आणि पुढे कित्येक दशके फाटलेली चकती अख्खीच्या अख्खी काढून टाकण्याची पद्धत होती. १९४८ साली फेअरबँक यांनी अशा शस्त्रक्रियेनंतरच्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासून सांध्यात होणारे बदल मांडले, तेव्हा कुठे वैद्यकविश्व हळूहळू सावध झाले. आज जेवढे वाचवता येईल तेवढे वाचवावे, हा नियम आहे. यातही रचनेचा एक बारकावा आड येतो: चकतीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला तो नसतो. कडेची चीर शिवली तर भरून येण्याची शक्यता चांगली असते, आतली चीर सहसा भरून येत नाही. दोन रुग्णांच्या अहवालांत ‘मेनिस्कस फाटला’ हेच दोन शब्द असूनही एकाला टाके आणि दुसऱ्याला केवळ व्यायाम सांगितला जातो, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असते, आणि डॉक्टरांनी ते कागदावर चित्र काढून समजावले तर रुग्ण उगीच तिसऱ्या डॉक्टरकडे धावणार नाही. आतल्या बाजूची चकती त्या बाजूच्या बंधाला घट्ट जोडलेली असल्याने तिला सरकायला फारशी मुभा नसते. बाहेरची त्या मानाने मोकळी असते. एकूण पाहता आतली अधिक वेळा फाटते ती यामुळे.

बंध, म्हणजे ज्यांना आता सगळेच लिगामेंट म्हणतात, ते मुख्यतः चार. दोन बाजूंना दोन, आणि सांध्याच्या पोटात एकमेकांना छेद देऊन जाणारे दोन. छेदणाऱ्यांपैकी पुढचा, म्हणजे क्रीडा पानांमुळे घराघरांत पोचलेला ‘एसीएल’, नडगीच्या पृष्ठभागाच्या पुढच्या भागातून निघून मागे, वर आणि बाहेरच्या दिशेने मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्याला जाऊन मिळतो आणि नडगीला पुढे घसरू देत नाही. मागचा त्याहून जाड असून नडगीला मागे जाण्यापासून रोखतो. हे दोन्ही बंध दोराप्रमाणे नुसते ताणून धरणारे नाहीत. त्यांच्यात मज्जातंतूंची टोके असतात आणि सांधा कुठल्या अवस्थेत आहे ही खबर ती सतत वर पाठवत असतात. त्यामुळे बंध तुटलेल्या खेळाडूला शस्त्रक्रियेने नवा बंध मिळाला तरी तोल सावरण्याचे शिक्षण पायाला पुन्हा द्यावे लागते, आणि ते काही महिन्यांचे काम असते.

गुडघा हा बिजागरीचा सांधा आहे, असे शाळेच्या पुस्तकातून आपण सारेच शिकतो. ते अर्धेच खरे आहे. गुडघा वाकलेला असताना नडगी आतबाहेर थोडी फिरू शकते. खुर्चीवर बसून, मांडी स्थिर ठेवून पाऊल डावीउजवीकडे वळवून पाहिले की कुणालाही याची खात्री पटेल. पाय सरळ होत येतो तेव्हा शेवटच्या साधारण २० अंशांत याहूनही सुंदर गोष्ट घडते. पाऊल जमिनीवर टेकलेले असेल तर मांडीचे हाड नडगीवर आतल्या बाजूला किंचित फिरते, सगळे बंध ताणले जातात आणि सांध्याला जणू कुलूप लागते. आपण आरतीला किंवा बसथांब्यावर बराच वेळ उभे राहू शकतो आणि त्या वेळी मांडीच्या स्नायूंना फारसे काम पडत नाही, ते या कुलपाच्या बळावर. पुन्हा वाकायचे झाले की गुडघ्याच्या मागच्या खळग्यात असलेला पॉप्लिटियस नावाचा एक छोटा, कुणाच्या फारसा ध्यानीमनी नसलेला स्नायू मांडीच्या हाडाला उलट दिशेने फिरवून ते कुलूप उघडतो. सुश्रुतांनी गुडघा आणि घोटा यांना बोटे, मनगट व कोपर यांच्याबरोबर ‘कोर’ या एकाच वर्गात घातले होते, आणि जानु व गुल्फ ही दोन्ही मर्मे मानून तेथे आघात झाल्यास लंगडेपणा येतो, असे नोंदवले होते. या दोन सांध्यांचा एकत्र विचार आपल्या परंपरेला नवा नाही, एवढेच यातून सुचवायचे आहे.

आता मैदानाकडे. एसीएल तुटण्याच्या बहुसंख्य घटनांत समोरच्या खेळाडूची धडक कारणीभूत नसते. खेळाडू वेगात असताना एकदम थांबतो, वळतो किंवा उडी मारून एका पायावर उतरतो. पाऊल जमिनीला खिळलेले, गुडघा किंचित वाकून आत झुकलेला आणि धड भलतीकडे वळलेले, अशा क्षणी बंधावर असह्य ताण येतो. अनेकदा ‘कट्’ असा आवाज खेळाडूला स्वतःला ऐकू येतो. त्यानंतर काय होते ते प्रत्येक प्रशिक्षकाने आणि संघाबरोबरच्या माणसाने लक्ष देऊन पाहिले पाहिजे. गुडघा एक-दोन तासांत टम्म फुगला, तर सांध्यात रक्त उतरले असण्याचा संभव मोठा असतो, आणि त्यामागे बहुधा एसीएलची दुखापत असते. सूज दुसऱ्या दिवशी सावकाश चढली, तर संशय चकतीकडे जातो. गुडघा अर्ध्यावर अडकून सरळच होईनासा झाला, तर चकतीचा तुटलेला भाग मध्ये आला असू शकतो. घटनेच्या वेळी कुणी या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवल्या, तर नंतर तपासणाऱ्या डॉक्टरचे निम्मे काम होते. त्याऐवजी आपल्याकडे बाजूला बसवून तेल लावून जोराने चोळले जाते, आणि दुसऱ्या सामन्याला पट्टी बांधून उतरवले जाते. नुकत्याच दुखावलेल्या, आत रक्त साचलेल्या सांध्याला चोळणे हे अपाय करणारेच आहे, मग ते हाडवैद्याने करो की उत्साही सहकाऱ्याने.

एक गोष्ट मुलींच्या फुटबॉलविषयी. गोव्यात मुलींचे संघ वाढत आहेत, याचा आनंद आहे. पण समान खेळात एसीएल तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या तुलनेत दुपटीहून अधिक आढळते, हे त्यांच्या प्रशिक्षकांना ठाऊक असले पाहिजे. मुलींनी खेळू नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. अर्थ एवढाच की उडी मारून उतरताना गुडघा पावलाच्या रेषेत ठेवण्याचे, मांडीच्या मागच्या आणि खुब्याच्या बाजूच्या स्नायूंना बळ देण्याचे प्रशिक्षण त्यांना आधीपासून मिळावे. फिफाने यासाठी ‘११+’ नावाचा सुमारे २० मिनिटांचा सराव तयार केला आहे. त्याला चेंडूखेरीज कोणतेही साहित्य लागत नाही आणि तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती कमी होतात, हे तपासून पाहिले गेले आहे. त्यातल्या व्यायामांकडे नीट पाहिले तर ध्यानात येईल की गुडघा वाचवण्यासाठी केलेल्या या सरावातले बरेच काम खुब्याचे, धडाचे आणि तोल सावरण्याचे आहे.

मैदान सोडून घरात येऊ. पन्नाशीनंतरच्या गुडघेदुखीबद्दल बोलताना ‘वंगण संपले’ हे निदान इतके ऐकू येते की, गुडघ्यात वाटीभर तेल असते अशी लोकांची कल्पना झाली असावी. निरोगी गुडघ्यात सांध्याचा द्रव असतो तोच मुळी थोडा, चहाच्या लहान चमच्यापेक्षाही कमी. सांधा झिजतो तेव्हा द्रव आटत नाही. उलट पुष्कळदा तो वाढतो, पातळ होतो आणि गुडघा सुजतो. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. तिला पोषण मिळते ते याच द्रवातून, आणि ते आत शिरण्यासाठी सांध्यावर भार पडणे आणि उतरणे आवश्यक असते. गुडघा दुखतो म्हणून महिनोन्महिने खुर्चीत बसणाऱ्या माणसाची कूर्चा त्यामुळे सुधारत नाही, आणि मांडीचे स्नायू मात्र रोड होत जातात. कूर्चेला स्वतःला वेदना कळत नसल्यामुळेच एक्स-रेतली झीज आणि प्रत्यक्षातले दुखणे यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. वेदना येते ती कूर्चेखालच्या हाडातून, सांध्याच्या आतल्या आवरणातून, भोवतालच्या वेष्टनातून. दुर्बीण घालून झिजलेला सांधा धुऊन काढण्याची शस्त्रक्रिया एके काळी फार लोकप्रिय होती. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे काही रुग्णांना ती प्रत्यक्ष आणि काहींना केवळ कातडीला छेद देऊन, अशी तिची परीक्षा झाली, तेव्हा दोन्ही गटांना सारखाच आराम पडल्याचे दिसले. सांधेबदलाची शस्त्रक्रिया ही वेगळी बाब आहे. जिला ती खरोखर हवी आहे त्या व्यक्तीसाठी ती वरदानच आहे, आणि तिच्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही.

वाटीच्या मागच्या सांध्यावर किती भार येतो, याचे गणित १९७२ साली रायली आणि मार्टेन्स यांनी मांडले होते. सपाट जमिनीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा, जिने चढताउतरताना ३ पटींहून अधिक आणि खोल उकिडवे बसताना ७ पटींहून अधिक असतो. आमच्याकडे भातलावणी करणाऱ्या, काजूच्या दिवसांत डोंगरउतारावर बोंडू वेचणाऱ्या आणि बाजारात पाटीसमोर बसून मासळी विकणाऱ्या बायकांचे दिवसभराचे काम याच अवस्थेत चालते. वाटीभोवती दुखते, जिना उतरताना जास्त दुखते, बसून उठताना हात टेकावा लागतो, ही त्यांची तक्रार या आकड्यांशी तंतोतंत जुळते. त्यांना ‘खाली बसू नका’ एवढेच सांगणे निरुपयोगी आहे, कारण पोट त्यावर अवलंबून आहे. वीतभर उंचीचे स्टूल आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम हे दोन उपाय मात्र शक्य आहेत. वजन जास्त असल्यास एक किलो कमी झाल्याने चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो, हेही त्यांना कुणी तरी सांगायला हवे.

हे पत्र लिहिण्याचे सर्वांत मोठे कारण आता सांगतो. सांध्याला ज्या मज्जातंतूची शाखा जाते, त्याच मज्जातंतूच्या शाखा तो सांधा हलवणाऱ्या स्नायूंना आणि त्यावरच्या त्वचेला जातात, असे निरीक्षण जॉन हिल्टन या लंडनच्या शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकात मांडले. खुब्याला आणि गुडघ्याला काही मज्जातंतू समान आहेत. त्यांतला ऑब्ट्युरेटर हा मांडीच्या आतल्या बाजूने उतरणारा मज्जातंतू दोन्हीकडे शाखा देतो. परिणाम असा की, बिघाड खुब्यात असतो आणि दुखते गुडघ्यात. मोठ्या माणसात यामुळे फार तर वेळ आणि पैसा वाया जातो. मुलांमध्ये किंमत मोठी असते. साधारण ४ ते ८ वर्षांच्या मुलांत खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा अडल्याने होणारा पर्थेस नावाचा आजार, आणि साधारण १० ते १६ या वयात, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांत, मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या थरावरून घसरणे, या दोन्हींत मूल कधीकधी फक्त ‘गुडघा दुखतो’ एवढेच म्हणते. गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो स्वच्छ येतो, आणि ‘वाढीचे दुखणे आहे’ किंवा ‘शाळा चुकवण्याचे निमित्त आहे’ असे म्हणून मुलाला परत पाठवले जाते. दरम्यान घसरलेले डोके आणखी घसरते. लंगडणारे, पाऊल बाहेर वळवून चालणारे, उताणे झोपवून गुडघा छातीकडे नेताना ज्याची मांडी आपोआप बाहेर फाकते असे मूल समोर आले, तर त्याचा खुबा त्याच दिवशी तपासला गेला पाहिजे. मूल गुडघा दाखवत असताना त्याचा खुबा हलवून पाहायला डॉक्टरला अर्धे मिनिटही लागत नाही. आईवडिलांनी ते स्वतः आठवण करून मागून घ्यावे, त्यात संकोच कसला?

खालच्या दिशेने पाहिले तर फिब्युला भेटते. हे हाड वजन फारसे पेलत नाही, पण वरच्या टोकाशी ते नडगीला एका छोट्या सांध्याने, मधल्या लांबीत एका मजबूत पडद्याने आणि खालच्या टोकाशी दणकट बंधांनी जोडलेले असते, आणि त्याचे खालचे टोक हाच घोट्याचा बाहेरचा उंचवटा. घोटा मुरगळण्याच्या जोरदार प्रसंगात कधीकधी घोट्यावरचा ताण या पडद्यातून वर चढतो आणि फिब्युला थेट गुडघ्याखाली मोडते. १८४० साली मेझोनव या फ्रेंच शल्यविशारदाने याचे वर्णन केले आणि ही मोड आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. केवळ घोट्याचा एक्स-रे काढला तर ती दिसतच नाही. म्हणून मुरगळलेल्या पायाची तपासणी करताना बोट नडगीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्यापर्यंत दाबत न्यावे. फिब्युलाच्या मानेला वळसा घालून जाणारा मज्जातंतू तर अगदी कातडीखाली, हाडाला चिकटून असतो. प्लास्टर तिथे घट्ट बसले, पट्टी आवळली गेली किंवा कुणी तासन्‌तास एका पायावर दुसरा पाय टाकून बसले, तर तो दबतो आणि पाऊल वर उचलता येईनासे होते. गुडघ्याखाली घट्ट पट्टी बांधून झोपणाऱ्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे.

घोट्यात टॅलस नावाचे हाड नडगी आणि फिब्युला यांच्या टोकांमधल्या खाचेत बसते. हे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. पाऊल वर उचललेले असते तेव्हा रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. चवड्यावर भार देऊन टाच उचलली की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. ओल्या पायऱ्या उतरताना, शेताच्या मेरेवरून चालताना, उंच टाचांची चप्पल घालून मिरवणुकीत चालताना पाय आत मुरगळतो तो अशाच क्षणी, आणि पहिल्यांदा ताणला किंवा तुटतो तो बाहेरच्या उंचवट्याच्या पुढचा, टॅलसला जोडणारा बंध. आतल्या बाजूचा बंध त्रिकोणी आणि बराच मजबूत असल्याने तो सहसा टिकून राहतो. मुरगळलेल्या प्रत्येक घोट्याचा एक्स-रे काढायची गरज नसते. कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली मांडलेल्या नियमांनुसार, घोट्याभोवती वेदना असताना दोन्हींपैकी कुठल्याही उंचवट्याच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर हाडच दाबल्यावर दुखत असेल, अथवा दुखापत झाल्यावर लगेच आणि पुढे तपासणीच्या वेळीही माणसाला चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या मधल्या भागासाठीही असेच नियम आहेत. ग्रामीण आरोग्य केंद्रात हे सहज पाळता येईल.

टॅलसच्या खाली, टाचेच्या हाडाशी, आणखी एक सांधा आहे. पाऊल आत किंवा बाहेर कलते ते त्याच्यामुळे, आणि त्याचा अक्ष तिरका असल्याने पाऊल आत कोसळले की नडगीही आत फिरते. नडगी फिरली की गुडघ्यावर पीळ येतो. खुब्याच्या बाजूचे स्नायू अशक्त असले तर वरून मांडीही आत वळते. वाटीभोवती दुखणाऱ्या तरुण मुलामुलींत हे दोन्ही दोष पुष्कळदा एकत्र सापडतात, आणि पट्टी मात्र मधल्या गुडघ्याला बांधली जाते. पोटरीचीही हीच कथा आहे. तिचा वरवरचा स्नायू गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडून टाचेच्या कंडरेला मिळतो, तर त्याखालचा केवळ घोटा ओलांडतो. पोटरी आखडलेली असेल तर घोटा पुरेसा वाकत नाही, उकिडवे बसताना टाचा उचलल्या जातात आणि भार पुढे, वाटीवर येतो. माडावर चढणाऱ्या पाडेल्याचे घोटे पाहावेत. साठीला आलेला माणूस टाचा टेकवून सहज उकिडवा बसतो. खुर्ची आणि कमोड यांवर वाढलेल्या त्याच्या नातवाला ते जमत नाही.

शरीररचना ही मृत विद्या आहे, तिच्यात नवे काही उरलेले नाही, असे मानणाऱ्यांसाठी एक गमतीची नोंद. २०१३ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेन येथील संशोधकांनी गुडघ्याच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूच्या एका बंधाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘मानवी शरीरात नवा अवयव सापडला’ अशा थाटाच्या बातम्या दिल्या. पॉल सेगाँ या फ्रेंच शल्यविशारदाने त्या जागी मोत्यासारख्या चमकणाऱ्या तंतुमय पट्ट्याची नोंद १८७९ सालीच केली होती.

ज्या भूमीत १८४२ पासून वैद्यकीय शिक्षण दिले जात आहे, तिथे शरीररचनेचे एवढे ज्ञान विच्छेदनगृहाबाहेर यायला हरकत नसावी. आपल्या दैनिकाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. क्रीडा वार्ताहरांनी दुखापतीच्या बातमीत शक्य असेल तेव्हा कोणता भाग दुखावला आणि धडक बसून की धडकेविना, हे लिहावे. चार मोसमांच्या अशा बातम्यांतून मैदानांविषयी आणि सरावाविषयी बरेच काही कळेल. खेळाच्या मोसमाच्या सुरुवातीला एक रेखाचित्र छापावे, ज्यात खुब्यापासून टाचेपर्यंतचे सगळे सांधे एकत्र दिसतील आणि शेजारी सूज किती वेळात आली, आवाज आला का, पाय अडकला का, चार पावले टाकता येतात का, हे प्रश्न असतील. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक ते कापून शाळेच्या फलकावर लावू शकतील. तिसरी मागणी जाहिरातींविषयी आहे. त्या छापू नयेत असे म्हणण्याचा मला अधिकार नाही, पण त्याच पानावर महिन्यातून एकदा गोमेकॉतील (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील) किंवा जिल्हा इस्पितळांतील अस्थिरोगतज्ज्ञांना आणि फिजिओथेरपिस्टना दोन स्तंभ द्यावेत, आणि पहिल्या लेखाचा विषय मुलांच्या गुडघेदुखीमागचा खुब्याचा आजार हा ठेवावा.

कळावे,
आपला,
शरीररचनाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, फोंडा